हात जाईल एवढी जागा

आमच्या जळगावच्या घरात स्वयंपाकघर सगळ्यात मागे होतं आणि त्याला खिडकी नव्हती. मागच्या अंगणात उघडणारं एक दार होतं, तेवढंच. घर धाब्याचं. सागाचे सरे, सऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर आणि त्यावर दर उन्हाळ्यात पसरायची खारी माती, म्हणजे पावसाचं पाणी आत मुरत नाही. चुलीच्या वर धाब्याला नारळ जाईल एवढं भोक होतं. धूर तिथून जाईल अशी अपेक्षा होती. थोडा जायचा. पावसाळ्यात त्या भोकावर फुटकं मडकं पालथं घालत आणि मग धूर आमच्यातच राहायचा.

मी लहानपणापासून बोर्डिंगमध्ये होते, इंग्रजी शाळेत. सुट्टीत घरी आले की सुरुवातीला डोळे चोळत अंगणात पळायचे, मग हळूहळू सवय व्हायची. आईला सवय झाली होती की नाही, हे तिने कधी सांगितलं नाही. तिचे डोळे बारा महिने लाल असत. ती ते पदराच्या एकाच टोकाने पुसायची, आणि लुगडं धड असतानाच ते टोक विरून जायचं. सुईत दोरा ओवायचा झाला की सुई न बोलता माझ्यापुढे धरायची. मी घरी नसताना कोण ओवत होतं, हे मी विचारलं नाही.

शाळा संपवून मी कायमची घरी आले तेव्हा आमच्या जिल्ह्याला अजून पूर्व खानदेश म्हणत. माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. मला करण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. आईचं माहेर धुळ्याचं. मामांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी तिची पापणी उलटी करून पाहिली. म्हणाले, "खुपऱ्या जुन्या आहेत. दिवसभर काय करता?"

"काही नाही. घरीच असते."

"चूल?"

"चूल तर असतेच."

डॉक्टर माझ्याकडे वळून बोलू लागले. बहुधा माझ्या चष्म्यामुळे. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजवा राखायचा असेल तर धूर बंद करायला हवा, औषध घालून वर धुरात बसण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले.

परतताना एस.टी.त आई खिडकीशी बसली होती. पारोळा मागे पडला. मग म्हणाली, "धूर बंद करा म्हणे. भाकरी कोण करेल, ते नाही सांगितलं."

नाना, म्हणजे माझे वडील, जिनात सुपरवायझर होते. आमच्या गल्लीच्या टोकालाच कापसाचा जिन होता. शेतातून आलेल्या कापसातली सरकी तिथे काढत आणि रुईच्या गाठी बांधत. फाटकावर प्रत्येक मजुराच्या काड्यापेट्या आणि बिड्या काढून घेत. त्यात नाना कोणाची गय करत नसत. जेवताना ते आम्हाला जिनातल्या गोष्टी सांगत. त्यांतली एक पुनःपुन्हा यायची. "कापसाची आग दिसत नाही. गाठीत आतल्या आत चालत राहते. वरून हात लावा, नुसती कोमट. आणि पाणी मारून काही होत नाही. मातीत गाडावी लागते." हे सांगताना ते भाकरीचा तुकडा बोटांनी दाबून दाखवत.

डॉक्टरांचं म्हणणं मी नानांना सांगितलं. ते ऐकून घेऊन उठले. काही दिवसांनी जिनाच्या भंगारातला लोखंडी पत्र्याचा एक लांब नळा हातगाडीवरून घरी आला. सोबत एक गवंडी होता. तो मूळचा साक्रीकडचा, अहिराणी बोलायचा. चुलीवर विटांची घुमटी बांधायची, तिच्यातून नळा वर न्यायचा, माळ्याच्या फळ्यांतून आणि धाब्याच्या जुन्या भोकातून बाहेर काढायचा, असं ठरलं. स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागावर फळ्यांचा माळा होता. तिथे गोधड्या, पापडांचे डबे, भुईमुगाचं बियाणं असं सगळं असायचं.

नानांची एकच अट होती, पाणी गळता कामा नये आणि उंदीर येता कामा नयेत. गवंड्याने फळ्या इतक्या बेताने कापल्या की नळा त्यांत घासत घासत वर गेला. मग त्याने कडेने बोट फिरवून दाखवलं.

"काही भेव नही, नाना. बोट बी जावाव नही."

तरी वरच्या बाजूला, धाब्याच्या जुन्या भोकाशी, थोडी फट राहिली होती. नानांनी जिनातून झाडलोटीचा कापूस पोतंभर आणला आणि ती फट स्वतः बसून भरली. काठीने ठासून ठासून. त्यावर खारी माती लिंपली. याचं कोणालाच काही वाटलं नाही. आमच्याकडे कुठेही फट दिसली की कापूस कोंबतात. दिव्याच्या तेलाच्या बाटलीचं तोंड, खिडकीचं तावदान, दुखणारा कान, सगळ्याला कापूस. खानदेशात तो हाताशीच असतो.

पहिल्या दिवशी चूल पेटवली तेव्हा आम्ही सगळे दारात उभे होतो. धूर घुमटीत शिरला आणि परत आला नाही. आबा, म्हणजे माझे आजोबा, अंगणात जाऊन वर बघून आले.

"निघतो आहे," ते म्हणाले. "जिनासारखा."

आई चुलीसमोर बसली होती. फुंकणी तिच्या हातात होती, पण फुंकायची गरज लागली नाही. ती तोंड न फिरवता जाळाकडे बघत राहिली. मी तिला असं बसलेलं आधी पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांची लाली उतरली. एकदा मी वाचत बसले होते, तेव्हा ती समोर सुई घेऊन बसली. मी सवयीने हात पुढे केला. तिने सुई दिली नाही. उजव्या डोळ्याजवळ नेली, दोरा जिभेवर ओला केला आणि ओवला. मग शिवायला लागली. मी पुन्हा पुस्तक उघडलं.

माळ्यावरचा नळ्याजवळचा कोपरा आता घरात सगळ्यात कोरडा झाला होता. हे आधी आत्याच्या लक्षात आलं. आत्या नानांची मोठी बहीण. पहूरला दिलेली होती, पण नवरा गेल्यावर आमच्याकडेच असायची. तिची भाषा तिकडचीच राहिली होती. तिने आपल्या गोधड्या नळ्याला टेकवून रचल्या. मग पापडांचे डबे तिथे गेले, मग बियाण्याची पोती. पावसाळ्यात तर त्या कोपऱ्यासाठी भांडणं व्हायची. तिथे ठेवलेल्या डाळीला कीड लागत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मी डाळ काढायला माळ्यावर गेले होते. नळ्याभोवतीच्या फळीचा रंग बदलला होता. तव्यावर राहून गेलेल्या भाकरीच्या कडेसारखा. नळ्याजवळ काळपट, मग तपकिरी, मग हळूहळू नेहमीचा सागाचा. वास होता, पण धुराचा नव्हता. शेंगदाणे भाजून झाल्यावर घरात राहतो तसा. मी नळ्याला हात लावायला गेले आणि मागे घेतला. गोधडीची टेकलेली बाजू कडक लागत होती.

जेवताना मी ते सांगितलं. माझं घरातलं बोलणं तेव्हा फार कमी असायचं आणि जे असायचं ते पुस्तकी मराठीत. मी म्हणाले, "नळ्याच्या सभोवतालचं लाकूड भाजलेलं दिसतं. आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचं धुराडं भिंतीच्या बाहेरून गेलं होतं. लाकडापासून दूर."

"मंग तठीच राहाचं होतं वं बाई," आत्या म्हणाली. "सभोवताल म्हने."

सगळे हसले. मीही हसले. नाना म्हणाले, "सागाला काही होत नसतं. शंभर वर्षं टिकतो."

"गोधड्या तरी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"कायले घेऊ? बठ्ठ्या घरात वल आली तरी त्या अठी कोरड्याठाक राह्यतात. तुह्या लग्नात पाहुण्यायले काय वल्या गोधड्या देऊ?"

आई आबांना भाकरी वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत ताटाकडे पाहिलं. त्या धुराड्याविरुद्ध काही ऐकायची तिची तयारी नव्हती, असं मला त्या वेळी वाटलं. आजही वाटतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी ताई बाळाला घेऊन माहेरी आली. आमच्याकडे दिवाळीपेक्षा लेकींना आखाजीची ओढ जास्त. अंगणातल्या निंबाला झोका बांधला, आणि पाहुण्यांसाठी माळ्यावरच्या सगळ्या गोधड्या खाली उतरवल्या. त्या उतरवल्या म्हणून पुढचं थोडक्यात निभावलं, असं नंतर सगळे म्हणत.

आखाजीच्या पुरणाच्या पोळ्या आमच्याकडे मातीच्या मोठ्या खापरावर करतात. खापर चुलीवर पालथं घालायचं, पोळी हातांवर झेलत झेलत लुगड्याच्या पदराएवढी मोठी करायची आणि त्यावर टाकायची. त्याला जाळ मोठा लागतो. म्हणून दर वर्षी हे काम मागच्या अंगणात तीन दगड मांडून व्हायचं. त्या वर्षी आई म्हणाली, "आत करते."

"आत?" आत्या म्हणाली.

"बाहेर ऊन डोळ्यात जातं. आत आता धूर कुठे आहे?"

तिने खापर आतल्या चुलीवर ठेवलं. जळण म्हणून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या होत्या. त्या एकदम पेटतात आणि जाळ वर ओढला जातो. नळ्यातून घूं असा आवाज येत होता. आईला तो आवडलेला दिसला. ती पोळी झेलताना ताईला म्हणाली, "बघ, कसा ओढून घेतो."

मी पुरणाचे गोळे करून देत होते. ताई बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. आत्या भाजलेल्या पोळ्यांच्या घड्या घालत होती आणि ताईच्या सासरच्या पोळ्या किती जाड असतात हे सांगत होती. ताई म्हणाली, "जाड असतात, पण त्या करायला मला बसवत नाहीत." आत्या हसायला लागली.

गोळा द्यायला मी मान वर केली तेव्हा माळ्याच्या दोन फळ्यांमधे उजेडाची रेघ दिसली. तिथे उजेड असायचं कारण नव्हतं. मग त्या रेघेतून पांढरा धूर खाली आला, अगदी सावकाश, पीठ चाळल्यासारखा.

"वर जाळ आहे," मी म्हणाले.

ताई बाळाला घेऊन उठली. आत्या पोळ्यांची परात घेऊन उठली. आई उठली नाही. तिने वर पाहिलं, पण तिला काही दिसलं नव्हतं. ती हातावरची पोळी खापरावर टाकायला वाकली. ताईने तिला दंडाला धरून ओढलं. पोळी चुलीत पडली.

पुढचं मला आवाजांनी आठवतं. धाब्यावर पळणारी पावलं. जिनाचा पहारेकरी वाळूच्या लाल बादल्या घेऊन आला होता, गल्लीतले लोक घागरी घेऊन आले होते. वरून नानांचा आवाज आला, "पाणी नको, पाणी नको. माती पाडा." ते स्वतः कुदळीने धाबं फोडत होते. वर्षानुवर्षं साचलेला तो थर ढेकळाढेकळांनी माळ्यावर कोसळला. माळा मोडून स्वयंपाकघरात आला. खापर, चूल, घुमटी त्याखाली गेली. धूळ खाली बसली तेव्हा स्वयंपाकघरात ऊन पडलं होतं.

आई निंबाखाली झोक्यावर बसली होती, कारण बसायला दुसरं काही नव्हतं. तिच्या हाताला पीठ आणि पुरण लागलेलं होतं. ती मला म्हणाली, "किती गेलं?"

मी म्हणाले, "माळा आणि स्वयंपाकघराचं धाबं. पुढचं घर आहे."

"धुराडं?"

मी तांब्या आणून तिच्या हातांवर पाणी घातलं.

संध्याकाळी नाना ढिगाऱ्यात उतरले. नळा बाजूला काढताना त्याच्याबरोबर वरच्या फटीत ठासलेला कापूस निघून आला. काळ्या कड्यासारखा झालेला. नानांनी तो हातात घेतला आणि बोटांनी फोडला. आत अजून लाल होतं. त्यांनी तो खाली टाकला, चपलेने चिरडला, वर माती लोटली. जिनाचा पहारेकरी शेजारी उभा होता. त्याने दुसरीकडे पाहिलं. रोज फाटकावर काड्यापेट्या मागणाऱ्या माणसाच्या घरातून हे निघालं होतं.

त्या दिवसानंतर कापसाच्या गाठीची गोष्ट नानांनी सांगितली नाही.

पावसाळ्यापर्यंत आई त्या उघड्या स्वयंपाकघरात रांधत होती. भिंती होत्या, वर आभाळ. ऊन चढायच्या आत भाकऱ्या करून घ्यायची. धूर सरळ वर जायचा. तिचा डोळा तेव्हा चांगला होता. एकदा तिने तांदळातला खडा आत्याच्या आधी पाहिला आणि काढून तिच्या पुढ्यात ठेवला. आत्या म्हणाली, "गरुडच झाली वं तू." पुढचा खडाही आईनेच काढला.

मग पावसाच्या तोंडावर, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास, तोच गवंडी आला. नवे सरे चढले, फळ्या बसल्या. माती घालायच्या आदल्या संध्याकाळी ओसरीवर बोलणं निघालं. मी दिवा घेऊन तिथून जात होते. मी थांबले आणि नानांना सांगितलं की नळा वरून न नेता मागच्या भिंतीतून बाहेर काढता येईल, लाकडाला लागणारच नाही. हे मी नीट जुळवून ठेवलेलं होतं.

"नाव काढू नको," नाना म्हणाले. रागावून नाही. हळूच म्हणाले.

आई आतून आली होती. ती उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "नळा नको. पूर्वीचं भोक तरी ठेवा. वीतभर."

नाना आबांकडे बघत राहिले. आबा सुपारी कातरत होते.

"डोळे एका माणसाचे," आबा म्हणाले. "घर बठ्ठ्यांचं."

आई आत गेली. थोड्या वेळाने पीठ मळण्याचा आवाज यायला लागला.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने धाब्यावरून खाली वाकून विचारलं, "भोक ठेवनं शे का, नाना?"

"नाही," नाना म्हणाले.

त्याने फळी ठोकली आणि वर माती घातली. आता चुलीच्या वर काहीच नव्हतं. धूर दारातून जायचा, आणि दारातून जायच्या आधी सगळीकडे फिरायचा. आई पूर्वीसारखी पदराने डोळे पुसू लागली. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. नाना तिच्यासाठी दर महिन्याला धुळ्याहून डोळ्यांत घालायचं औषध मागवत. तिने तक्रार केली नाही. थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली आणि सुई पुढे धरली. मी ओवून दिली.

माझं लग्न धुळ्यात झालं. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही. पांझरा नदीच्या बाजूला आम्हाला भाड्याचं लहान घर मिळालं. धाब्याचंच. घरमालकांची परवानगी घेऊन मी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीबाहेरून विटांचं धुराडं बांधून घेतलं. सऱ्यांची टोकं भिंतीबाहेर आली होती, तिथे गवंड्याला विटा दूर घ्यायला लावल्या. ह्यांनी विचारलं, "एवढी जागा कशाला सोडलीस? ओबडधोबड दिसतं." मी म्हणाले, "राहू द्या." ते राहू देतात, बऱ्याच गोष्टी.

गेल्या हिवाळ्यात मामांकडे जाण्याच्या निमित्ताने आई माझ्याकडे आली. ती पहिल्यांदाच माझं घर बघत होती. बघत होती असं म्हणायचं. उजव्या डोळ्याने तिला आता उजेड आणि माणसाची आकृती एवढंच कळतं. मला ती पावलांवरून ओळखते. मी चूल पेटवली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि श्वास घेतला.

"धुराडं आहे," ती म्हणाली.

"आहे."

"लाकडाला लागून?"

"नाही. भिंतीबाहेरून."

"जागा सोडलीय?"

"सोडलीय."

"किती?"

"हात जातो."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले, पण तिला धरलं नाही. भिंत चाचपत ती धुराड्यापाशी पोचली. सऱ्यांची टोकं डोक्याच्या थोडी वर आहेत. तिने एका सऱ्यावरून बोटं फिरवत नेली आणि तो संपतो तिथून पुढे, वीट लागेपर्यंत, हात आत घातला. मनगट गेलं. मग कोपरापर्यंत हात गेला. तिने तो तिथेच ठेवला. आत चूल धडधडत होती. शेजारच्या अंगणात कोणी तरी तुराट्या मोडत होतं. आई हात न काढता उभी राहिली, मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ.

मग तिने दुसऱ्या हाताने लाकूड चाचपलं, वरून, खालून.

"गार आहे," ती म्हणाली.

तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि भिंत धरत आत आली. चुलीसमोर पाट होता, तो पायाने शोधून ती त्यावर बसली. तोंड जाळाकडे.

"पीठ कुठे ठेवलंस?" तिने विचारलं.

मी परात तिच्या पुढ्यात सरकवली.